उजवा खालचा कोपरा

नकाशातल्या रंगांचा अर्थ सांगणारी चौकट, म्हणजे सूची, उजव्या खालच्या कोपऱ्यातच लावायची. हा नियम मी एकवीस वर्षं शिकवला. निसर्ग शिस्त पाळत नाही, निदान कागदाने तरी पाळावी, असं माझं मत होतं.

त्या वर्षीचा प्रकल्प दरडींचा होता. मुलांनी टेकडी चढायची, उतार मोजायचा, भेगा टिपायच्या आणि धोक्यातली घरं लाल रंगवायची. सगळ्यात सरस नकाशा एका मुलीचा. जाड चष्म्यामुळे वर्ग तिला दुर्बीण म्हणे. टेकडीच्या पायथ्याशी तिची आत्या शिवणकाम करून राहायची. आई गेल्यावर तिनेच हिला वाढवलं होतं.

दुर्बीण विचारायला आली. सूची वर लावली तर चालेल का, खाली आत्याचं घर झाकलं जातंय.

"एका आत्यासाठी भूगोल बदलायचा का?" मी म्हणालो.

वर्ग हसला. तीही हसली, आणि चौकट खाली चिकटवून आली.

नकाशा इतका देखणा झाला की पालिकेने मागून नेला, प्रती काढल्या आणि शिक्का मारला. शिक्का बसला की कागदाचं ब्रह्मवाक्य होतं. पुढे चार दिवस पावसाने झोडपलं, तेव्हा कारकून प्रत घेऊन वस्तीत गेला आणि त्याने लाल घरं रिकामी करून घेतली. आत्याने दारातून विचारलं, माझं काय? त्याने नकाशावर बोट फिरवलं. तिथे लाल नव्हतं, चौकट होती.

दुर्बीण तेव्हा शाळेच्या वसतिगृहात राहायची; तिथून तिने पालिकेच्या कचेरीत फोन केला. तिला नकाशा बघायला सांगण्यात आलं. मग आत्याला फोन लावून ती रडली.

"अगं, तुझ्याच हातचा नकाशा ना तो?" आत्या म्हणाली. "माझ्या घरावर नुसती अक्षरं आहेत. उगाच जीव टांगणीला लावू नकोस. उद्या तीन गिऱ्हाइकांचे कपडे द्यायचेत."

दुपारी तीनच्या सुमारास दरड कोसळली. दोन लाल घरं गेली, रिकामी. तिसरं आत्याचं.

प्रकल्पामुळे जीवितहानी नगण्य झाली, असं पालिकेचं अभिनंदनाचं पत्र आलं. प्राचार्यांनी ते काचेत लावलं.

दोन आठवड्यांनी दुर्बीण पालिकेकडून परत आलेला मूळ नकाशा मागायला आली. मी नकाशा काढला आणि नखाने चौकट सोडवत बसलो. खाली आत्याचं घर निघालं. लाल रंगवलेलं, दार-खिडकीसकट. घरामागे भेग, तिच्याशेजारी लांबी आणि तारीख, बारीक अक्षरात.

कागदाच्या मागे माझा शेरा होता. वीसपैकी एकोणीस, सूची तिरकी लागल्याबद्दल एक गुण कमी. मी कागद पुन्हा उलटला. सुटलेल्या चौकटीच्या तिरक्या खुणेबाहेर भेगेचं टोक उरलं होतं, जेमतेम नखाएवढं.

"मुद्दाम तिरकी लावलीस?"

"हो सर," ती म्हणाली. "वाटलं, तुम्ही विचाराल."