भिंतीवरचे अकरा शब्द

कारखान्यात मला सगळे पंडित म्हणतात. काम बॉयलर सांभाळायचं, पण कुणाचा अर्ज असो की निरोपाचं भाषण, माझ्याशिवाय पान हलत नाही. म्हणूनच साहेब म्हणाले, "पंडित, रिटायर व्हायच्या आत बॉयलरची सूचना लिहून भिंतीवर लावा. तुमच्या जागी येणारी बाई नवखी आहे."

मी दीड पान लिहिलं. काय भाषा उतरली होती म्हणून सांगू. घरी मुलीला वाचून दाखवलं. ती नर्स, आणि तोंडानं फटकळ. बापावरच गेली आहे.

"काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं, इथपर्यंत कळलं," ती म्हणाली. "तेवढ्यात मी पाणी सोडून मोकळीही झाले असते."

"अगं, नळी रिकामी म्हणजे बॉयलरमधलं पाणी आटलेलं. तशा तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं तर स्फोट होतो. लिहिलंय की."

"कुठे?"

नवव्या ओळीत होतं.

माझं डोकंच फिरलं. नीट जेवलोही नाही. पण पोरीचं खरं होतं, माझ्या गोंडस वाक्यांपायी एखादीचा जीव गेला असता. मग पेन घेऊन बसलो. 'जल हेच जीवन' उडवलं. 'तत्परतेने' उडवलं. 'कृपया'वर काट मारताना जीव तुटला, पण स्फोटापुढे कसलं आलंय कृपया. चार दिवसांनी एवढंच उरलं:

काचेत पाणी दिसेना? पाणी सोडू नका. आग बंद करा. बाहेर पडा.

"बाकीचं कधी देताय?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच आहे," मी म्हणालो.

पुढच्याच महिन्यात, नवी बाई माझ्या हाताखाली काम शिकत होती तेव्हा, मी कँटीनमध्ये असताना धोक्याचा भोंगा वाजला. तसाच धावलो. बाई आग बंद करून आवारात येऊन उभी होती, घामाघूम, पण धडधाकट. पाण्याचा पंप अडकून नळी कोरडी पडली होती.

"एवढं सुचलं कसं तुम्हाला?" साहेब तिला विचारत होते.

"सुचलं कुठलं. हात पाण्याच्या व्हॉल्व्हवरच गेला होता. भिंतीवरचं वाचलं आणि मागे घेतला."

"छान लिहिलंय पंडितांनी."

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "जे करायचं तेच तर आहे."

माझ्या भाषणांना टाळ्या पडल्या आहेत, लोक रडलेसुद्धा आहेत. पण छाती अशी कधी फुगली नव्हती. घरी आल्या आल्या मुलीला त्या बाईचं बोलणं सांगितलं. एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही.