पाऱ्यावर घेतलेला संशय

माझ्या नळीत पारा खेळत होता तेव्हाची ही हकिकत आहे, मित्रांनो. मी रक्तदाबमापक, आता बराच जुना. लोखंडी पेटी, काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. लोक मला बीपीचं मशीन म्हणत.

इथे माझ्या जन्माचं वर्णन यायला हवं. ते गाळतो. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मला आकडे आठवतात, म्हणून आकड्यांनीच सांगतो. एकशेवीस आणि ऐंशी आले की समजायचं, माणूस बरा आहे.

१५०/९४

हा दंड इनास तुस्कानो यांचा. १९९४ साली त्यांनीच मला अबू धाबीजवळच्या मुसफ्फाला आणलं. तिथे त्यांचा लोखंडी टाक्या बनवायचा कारखाना होता. साहेब मूळचे वसईचे, ख्रिस्ती, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, चर्चमधली मिस्सा न चुकवणारे. आवारात त्यांनी एका खोलीचा दवाखाना काढला आणि रत्नागिरीकडच्या मरियमबी या नर्सबाईंना तिथे नेमलं. त्यांच्या टेबलावर माझी जागा.

कुणी आजारी पडलं, कुणाची बायको बाळंत झाली, कुणाच्या मुलाचा हात मोडला, की इस्पितळासाठी कंपनीचं पत्र मिळे. पत्रावर साहेबांची सही असली की खर्च कंपनीचा. साहेब ओळ न् ओळ वाचूनच सही करत. एवढं करणारे मालक तेव्हा थोडे होते. पुढे मी त्यांच्याविषयी जे सांगणार आहे, ते ऐकताना हे विसरू नका.

१६८/१०८

हा दंड कुंदाचा. ती ऑफिसात टायपिस्ट होती, नवरा मुरलीधर वेल्डरांचा फोरमन, मुलगी अस्मी सहा वर्षांची. १९९७ साली कुंदाला दुसऱ्यांदा दिवस गेले. आठव्या महिन्यात बीपी चढला, झटके आले, ती दोन दिवस बेशुद्ध होती. बाळ वाचलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर हीसुद्धा वाचेल असं नाही. तांबी बसवून घ्या, कंपनीचं पत्र आणा.

तांबी म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून डॉक्टर बाईच्या गर्भाशयात बसवतात ती छोटीशी वस्तू. मित्रांनो, यात लाजण्यासारखं काही नाही. मी यंत्र आहे, मला लाज ठाऊक नाही. माणसांना ठाऊक होती, म्हणून पुढचं घडलं.

१५८/९८

पुन्हा साहेब. त्या गुरुवारी मरियमबींनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि पत्र पुढे सरकवलं.

"कुंदाचं आहे. तांबी बसवायचीय."

साहेबांनी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. "हे माझ्याकडून नाही व्हायचं, मरियमबी."

"बोलू नका, आकडा चढतो."

"चढू दे. बाळंतपणं हवी तेवढी करा, मी खर्च करतो. जुळी झाली तर पेढे वाटतो. पण मूल येऊच नये म्हणून माझी सही नको. माझा धर्म त्याला हो म्हणत नाही. मी आईचं नववं मूल. तिने असंच केलं असतं तर आज तुम्ही कुणाचा बीपी बघितला असता?"

"तुमच्या आईला झटके आले होते का, साहेब?"

साहेबांनी पेन खिशाला लावलं.

"धर्म मलाही आहे," मरियमबी म्हणाल्या. "पाच वेळची नमाज चुकवत नाही मी. पण तिचा आकडा मी बघितलाय."

"तिने बाहेरून करून घ्यावं. मी आडवा येणार नाही. तिच्यासाठी मिस्सेत प्रार्थना करीन."

"प्रार्थना करा. सहीपण करा."

प्रार्थना त्यांनी खरंच केली असेल, त्याबद्दल मला शंका नाही. सही केली नाही.

१४०/९०

कुंदाचा हा आकडा बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यावरचा. मरियमबी खूश होत्या. मुरलीधर दारात उभा होता.

"बाहेर सातशे दिरहम सांगतात. म्हणजे पावणेसात हजार रुपये. अस्मीची फी भरायचीय. पुढच्या महिन्यात नक्की करू."

"मी साहेबांशी पुन्हा बोलू का?" मरियमबींनी विचारलं.

"नको," कुंदा घाईने म्हणाली. "इस्पितळात एवढं केलं त्यांनी माझं. त्यांना वाटायचं, बाई हट्टाला पेटलीय. राहू दे."

पुढचा महिना आला आणि गेला. मग आणखी एक.

मध्यंतरी काय झालं ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो, कारण कोडी घालायची वेळ नाही ही. कुंदाने शेजारणीला विचारलं. शेजारीण दिवस राहू नयेत म्हणून एक गोळी घ्यायची. औषधाच्या दुकानात तीच गोळी मिळाली, अगदी स्वस्त. दुकानदाराने बीपी आहे का असं विचारलं नाही. शेजारणीला त्या गोळीने काही झालं नव्हतं. कुंदाच्या रक्तदाबासाठी मात्र ती गोळी वाईट होती.

१५८/१००
१६६/१०६
१७४/११०

मी चढतच गेलो. मरियमबी चक्रावल्या.

"अगो कुंदा, लोणचं खातेस तू. खरं सांग."

"नाही हो."

"पापड?"

"सणाला एक."

"एक कसला, डबा असेल. खलास! आजपासून मीठ बंद."

कुंदा हसली आणि मीठ खरोखर बंद केलं. लोणच्याची बरणी तिने मरियमबींनाच आणून दिली. सांगितलेलं सगळं तिने ऐकलं. गोळीचं तेवढं सांगितलं नाही.

मला बोलता आलं असतं तर! पण मला फक्त चढता येतं आणि उतरता येतं. पारा आकडा दाखवतो, कारण दाखवत नाही. कारण माणसाने माणसाला विचारायचं असतं.

खुर्चीवर पाय हलवत बसलेली अस्मी म्हणाली, "मम्मा, इज धिस मशीन ब्रोकन? इट ऑलवेज गोज अप."

मरियमबींनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षं सगळ्यांपुढे त्या मला "माझा खरं बोलणारा" म्हणत. आता त्यांनी माझी नळी बोटाने ठोकली, फुगा दाबून पाहिला, पट्टा कानाशी धरला. मग झाकण लावलं.

"मीठ बंद, गोळ्या वेळेवर, तरी चढतोय. यालाच झालंय काहीतरी. नवीन मागवते मी. दहा दिवसांत येईल, इन्शाल्ला."

—/—

इथे दहा दिवस आहेत. आकडा नाही. मी कपाटात होतो आणि कुंदाचा दंड कुणी बांधला नाही.

—/—

—/—

२१०/१२६

हा आकडा माझा नाही. नवीन मशीनचा, पेटीतून काढल्या दिवशीचा. टाइप करताना कुंदाचा उजवा हात कळांवरून घसरला आणि मांडीवर पडला तो उचललाच गेला नाही. तोंड वाकडं झालं. मुरलीधर वर्कशॉपमधून धावत आला. मरियमबींनी आरोग्यकार्डासाठी कुंदाची पर्स उघडली, तेव्हा कार्डामागे गोळ्यांचं अर्धं पाकीट सापडलं.

त्या सायंकाळी मरियमबींनी मला कपाटातून काढलं आणि माझी काच पदराने पुसली. मी खरा ठरलो होतो. मित्रांनो, मला त्याचा आनंद झाला नाही.

नाही घेतला

इथेही आकडा नाही. साहेब आले, सवयीने बाही वर करून बसले. मरियमबींनी पट्टा हातात घेतला नाही. गोळ्यांचं पाकीट आणि ते बिनसहीचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

"या गोळ्यांनी बीपी चढतो. तिच्यासारखीला डॉक्टरने या कधी दिल्या नसत्या."

"मी थोड्याच दिल्या?"

"नाही दिल्यात. मीही नाही. तिने शेजारणीला विचारलं, दुकानदाराला विचारलं. आपण दोघं सोडून सगळ्यांना विचारलं."

"तुम्हाला तरी सांगायचं तिने."

"दवाखाना तुमचा, साहेब. मी तुमची नोकर. मी तुमच्या कानावर घालीन असं वाटलं तिला. आणि मी? मी लोणच्याचं विचारलं. जे विचारायचं ते सोडून."

साहेबांनी बाही खाली केली. बटण लावलं.

"ती वाचेल?"

"वाचेल. हाताचं सांगता येत नाही. आणि बरी झाली तरी तोच प्रश्न परत समोर आहे. पुन्हा दिवस जाऊन चालणार नाही तिला."

मग साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "पत्रात दुसरं काहीतरी लिहा. बायकांचा आजार, असं काहीही. मी न वाचता सही करीन."

दयाळूपणानेच म्हणाले ते. मरियमबींनी मात्र मान हलवली.

"लपवालपवीनेच हात गेलाय तिचा. तुम्हाला पटत नाही ना? मग तसं खाली लिहा. तुमच्या अक्षरात लिहा. पण वर तांबी म्हटलंय ते तांबीच राहील."

साहेबांनी पत्र पूर्ण वाचलं. मग सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: हे माझ्या श्रद्धेला मान्य नाही. खर्च कंपनी करील.

पुढच्या शुक्रवारी मिस्सेनंतर ते फादरांशी पुष्कळ वेळ बोलत बसले, असं ऐकलं. काय बोलले ते मला माहीत नाही. त्यांचं मत बदललं नाही, हेही मी तुम्हाला सांगायला हवं. त्यानंतर आलेल्या अशा प्रत्येक पत्रावर त्यांनी तीच ओळ लिहिली, आणि प्रत्येक पत्रावर सही केली.

१३२/८४

कुंदाचा डावा दंड, चार महिन्यांनंतर. मरियमबींनी नवीन मशीन बाजूला सारून मला घेतलं. पट्टा बांधण्याआधी त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "कुंदा, आणखी काही घेतेस का? कुणाचंही, कसलंही. मला सांगितलंस तर इथेच राहील." कुंदा नाही म्हणाली, आणि मग रडली. ती शांत होईपर्यंत मरियमबींनी फुगा दाबला नाही.

आता माझ्यातला पारा काढून घेतला आहे. पारा विषारी असतो, ते बरोबरच आहे. आकडे आता पडद्यावर उमटतात. मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स, कुणी मालक. समोरच्या माणसाचा आकडा चढला, तर यंत्राला ठोकण्याआधी त्याला विचारा. आणि तुमच्या भीतीने खरं उत्तर पर्समध्ये लपवावं लागेल, असं त्याला वाटू देऊ नका.

तर त्या दिवशी, कुंदाचा आकडा घेऊन झाल्यावर, मरियमबींनी दार उघडलं. बाहेर साहेब तांबीचं तेच पत्र घेऊन उभे होते; ती बरी होईपर्यंत ते थांबलं होतं. त्यावर कुंदाचीही सही लागायची होती. तिने पेन डाव्या हातात धरलं. पहिलं अक्षर उमटायच्या आतच कागद टेबलावरून सरकू लागला. साहेबांनी दोन्ही हात टेकून तो दाबून धरला, आणि तिचं पूर्ण नाव लिहून होईपर्यंत हलवू दिला नाही.