उरलेल्या पत्रिका

"खळ पातळ झाली आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "कोणी केली?"

टेबलाभोवती बसलेल्या तिघींपैकी एकीनेही मान वर केली नाही. खळ यमुनाबाईंनीच केली होती. ते त्यांच्या सुनेला, भाग्यश्रीला, ठाऊक होते. पण सासूबाईंना तसे सांगण्याइतकी ती या घरात नवी राहिली नव्हती.

"मीच केली असेल," दुसऱ्या मजल्यावरच्या मुक्ताबाई शांतपणे म्हणाल्या. जुन्या मैत्रीने त्यांना काही अधिकार मिळाले होते. "मला कुठे येतंय काही! तू माझी शिकवणी लाव."

शेफालीला हसू आवरेना. अकोल्याहून नोकरीसाठी आलेली आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी ही मुलगी यंदा प्रथमच या कामाला बसली होती. "आजी, त्यापेक्षा ग्लू स्टिक मागवू ना? दहा मिनिटांत येते."

"दहा मिनिटांत येतं ते दहा दिवसांत सुटतं. खळ लाव."

कसबा पेठेतल्या त्या इमारतीत दर दिवाळीला यमुनाबाई वडक्यांच्या जेवणाच्या टेबलावर शुभेच्छापत्रांचा कारखाना उघडे. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर कार्यानुभव हा विषय शिकवला होता. निवृत्ती ही शाळेने घ्यायची गोष्ट आहे, बाईंनी नव्हे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्येक बिऱ्हाडाला हाताने केलेले एक कार्ड जाई. ते खिडकीत उभे करून त्याच्यामागे पणती ठेवायची, ही इमारतीची रीत. ती कधी ठरली, कोणी ठरवली, असे कोणी विचारत नसे. पहिले कार्ड देताना यमुनाबाई "खिडकीत ठेवा" म्हणाल्या होत्या, आणि तेवढे पुरले होते.

यंदा मात्र त्या एका जागी बसत नव्हत्या. गॅलरीत जात, गल्लीत डोकावत, परत येत. नीट रचलेला गठ्ठा पुन्हा रचत. कात्री उचलून ठेवून देत. तांबट आळीतले ठोके सासरी आल्यापासून त्यांच्या कानांना सवयीचे होते. आज ते डोक्यात बसत होते. "मेल्यांना आजच सगळी घंगाळी ठोकायची आहेत," त्या पुटपुटल्या.

भाग्यश्रीने पुढचा कागद ओढला आणि तिचा हात थांबला. जाडसर, पिवळट हातकागद. त्यात झेंडूच्या पाकळ्या दडपलेल्या.

"आई, हा कागद..."

"कागद आहे. पुढे चल."

"अहो, पण ह्या तर निकिताच्या..."

"निकिताच्या नव्हेत. कागद मी निवडला, छपाई मी करून घेतली. माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या."

शेफालीला यातले काही कळले नव्हते, पण बोलू नये एवढे कळले. शेवटी मुक्ताबाई म्हणाल्या, "यमुने, चहा टाकतेस, का कामगारांनी संपावर जायचं?"

निकिता ही यमुनाबाईंची एकुलती एक नात. तिचे लग्न वैशाखात ठरले होते. पत्रिकेचा मजकूर यमुनाबाईंनी स्वतः तपासला आणि पुण्याच्या रीतीप्रमाणे पहिली पत्रिका त्या स्वतः कसबा गणपतीपुढे ठेवून आल्या. लग्नाला तीन आठवडे उरले असताना निकिता एका संध्याकाळी ऑफिसमधून आली, चपला काढल्या आणि म्हणाली, मला प्रज्ञेशशी लग्न करायचं नाही. तिचे वडील, अभय, वर्तमानपत्राच्या आड गेले. भाग्यश्री रडली. यमुनाबाई एवढेच म्हणाल्या, "पत्रिका गणपतीपुढे ठेवून झाली आहे."

आठवड्याभरात निकिता वाकडला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहू लागली. आईला फोन करी, वडिलांना बाहेर भेटे. घराची पायरी मात्र तिने चढली नव्हती. यमुनाबाईंनी कोणाजवळ तिचे नाव काढले नाही. पण संध्याकाळी लिफ्ट वर येताना वाजली की त्यांचे बोलणे अर्धवट राही, आणि लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर थांबली की वाक्य तिथून पुढे चालू होई.

आता निकिताचा निरोप आला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे येईन, चार दिवस राहीन. पण त्या पत्रिका घरात असतील तर नाही. भाग्यश्रीने हा निरोप भीत भीत सांगितला तेव्हा यमुनाबाई म्हणाल्या, "जातील."

रद्दीत घालणे शक्य नव्हते. प्रत्येक पत्रिकेवर गणपती होता. नदीत सोडाव्यात, असे अभयने सुचवून पाहिले. "आधी नदी दाखव," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीने तोड काढली. माथ्यावरचे गणपती कापून कुंडीतल्या मातीत घालायचे. मजकुरावर पातळ पांढरा कागद चिकटवून ती बाजू आत दुमडायची. बाहेरच्या कोऱ्या बाजूवर रंगीत कागदाचा आकाशकंदील. नात येईल तेव्हा घरात एकही पत्रिका नसेल आणि वाया काहीच गेलेले नसेल. या तोडग्यावर त्या मनातून खूश होत्या. तरीही कात्री हातात टिकत नव्हती. लवकर उरका, लवकर, असे त्या दर थोड्या वेळाने म्हणत, आणि ज्यांना उद्देशून म्हणत त्या तिघी त्यांच्यापेक्षा पुढेच असत.

वसुबारसेला कार्डे घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, दिवेलागण झाली. भाग्यश्री धने-गुळाची वाटी मांडत होती, तोच शेफाली दारात येऊन उभी राहिली. हातात कार्ड, चेहरा ओशाळा.

"आजी, सॉरी हं. म्हणजे... मी व्हिडिओ कॉलवर आईला कार्ड दाखवत होते. मागे पणती होती. तर आई म्हणाली, हे काय लिहिलंय गं?"

यमुनाबाईंनी कार्ड घेतले. देवासमोरच्या समईपुढे धरले.

आकाशकंदिलाच्या दोन्ही बाजूंनी अक्षरे उमटली. उलटी, तपकिरी, पण स्वच्छ. चि. सौ. कां. निकिता. खाली प्रज्ञेश. त्याखाली मुहूर्त. पातळ खळ त्या सच्छिद्र हातकागदात मुरली होती, आणि भिजून वाळलेला कागद तेल लागल्यासारखा पारदर्शक झाला होता.

चिकटवण्याआधी कागद उजेडासमोर धरून बघा, हे वाक्य त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलींना ऐकवले होते. न बघणाऱ्या मुलीला त्यांनी वर्गाबाहेर उभे केले होते. यंदा त्यांनी एकही कागद धरून पाहिला नव्हता.

"सगळ्यांच्या खिडकीत असतील," भाग्यश्री हळूच म्हणाली. "आई, ती उद्या पहाटे येतेय. तिने जर..."

"मला ऐकू येतं."

"मी जाऊन आणते पटकन," शेफाली म्हणाली. "सांगते, काहीतरी डिफेक्ट आहे म्हणून."

"मी दिली आहेत," यमुनाबाईंनी पदर खांद्यावर घेतला. "मीच आणीन. आणि डिफेक्ट नाही. चूक आहे."

लिफ्टने त्या पाचव्या मजल्यावर गेल्या. तिथून जिन्याने एकेक मजला उतरत यायचे होते. सणासाठी जिना नुकताच धुतला होता आणि पायऱ्यांवर पाणी साचले होते. दिलेली वस्तू परत मागायला त्या आयुष्यात कोणाच्या दारात गेल्या नव्हत्या. उसनी वाटीसुद्धा शेजारीण परत करील तेव्हा करील, असा त्यांचा बाणा होता.

पहिल्या दाराला रंगनाथराव आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून खडकवासल्याच्या पाण्याची पातळी सोडून त्यांना दुसऱ्या कशात रस उरला नव्हता.

"कार्ड परत हवंय," यमुनाबाई म्हणाल्या.

"दिलेलं परत मागायची पद्धत नवीन दिसते."

"पद्धत माझी, कार्डही माझं. आणा."

ते आत गेले आणि कार्ड घेऊन आले. यमुनाबाईंनी ते उलटून पाहिले. पाठीमागे जुन्या कॅलेंडरचा एक जाड तुकडा टाचणीने लावलेला होता. नीट मापाने कापलेला.

"हे कोणी लावलं?"

रंगनाथरावांनी चष्मा काढून पुसला. "वारा येतो खिडकीतून. कार्ड पडायचं," ते म्हणाले. "धरणात पाणी चांगलं आहे यंदा."

त्या जाड तुकड्यातून उजेड येणार नव्हता, हे यमुनाबाईंनी पाहिले आणि टाचणी न काढताच कार्ड घेऊन त्या जिन्याकडे वळल्या.

चौथ्या मजल्यावर एकाने कार्ड खिडकीऐवजी फ्रिजवर ठेवले होते. "मुलं ओढतात हो," असे कारण त्याने न विचारता दिले. पलीकडच्या दारी पणती कार्डाच्या मागून काढून पुढे ठेवली होती. कोणी हसले नाही, कोणी विचारले नाही. प्रत्येक दारी कार्ड तत्परतेने मिळत गेले, जणू ते द्यायला सगळे तयारच बसले होते. मजला उतरावा तसा हातातला गठ्ठा वाढत होता, आणि यमुनाबाईंची मान, जी शाळेच्या प्रांगणात कधी वाकली नव्हती, थोडी थोडी खाली येत होती. पायऱ्या ओल्या होत्या, खाली बघून चालणे भाग होते, हेही खरेच.

मुक्ताबाईंनी दार उघडले आणि त्यांना आत बोलावलेही नाही. कार्ड हातातच होते.

"कालच वाचलं मी," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुला? यमुने, तुला कोणी काही सांगितलंय का आजवर? ती पोर बिचारी एकदा सांगायला गेली, तर तू तिच्यापुढे देव उभा केलास."

यमुनाबाईंनी कार्ड घेतले. त्या वळल्या आणि कठड्याला धरून खाली निघाल्या.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर कोणीतरी वर येत होते. पाठीवर सॅक, हातात मिठाईची पिशवी. लिफ्ट टाळून जिन्याने येणारी पावले. धीर गोळा करत येणाऱ्या माणसाची असतात तशी.

निकिता थांबली. यमुनाबाईही थांबल्या.

"उद्या येणार होतीस," यमुनाबाई म्हणाल्या.

"सुट्टी मिळाली आजपासून." निकिताने वर पाहिले. "हे काय आहे, आजी?"

गठ्ठा पदराखाली घेता आला असता. हात तसा हललाही. मग तो परत जागेवर आला, आणि त्यांनी वरचे कार्ड नातीपुढे धरले. निकिताने ते जिन्यातल्या दिव्यासमोर उंच केले. वाचायला तिला फार वेळ लागला नाही. स्वतःचे नाव उलटेही ओळखू येते.

"सगळ्या बिल्डिंगला वाटलंस?"

"हो."

"का?"

"पत्रिका घरात नकोत, म्हणालीस. वाया जाऊ नयेत, म्हणून मी..." वाक्य पुरे झाले नाही. "दिसेल हे मला कळलं नाही. कळायला हवं होतं."

निकिता हसली, पण ते हसणे टिकले नाही. डोळे भरून आले तसे तिने चटकन नाक पुसले. "सहा महिने झाले, आजी. आईने विचारलं, बाबांनी विचारलं, ऑफिसमधल्या लोकांनी विचारलं, तो रिक्षावालासुद्धा विचारत होता. तू एकदाही विचारलं नाहीस, मी का मोडलं ते."

खालच्या मजल्यावर कोणीतरी दाराशी पणत्या मांडत होते. काडी ओढल्याचा आवाज आला.

"नाही विचारलं," यमुनाबाई म्हणाल्या.

"मी जाते परत. उद्या फोन करते आईला."

ती वळली. एक पायरी उतरली. यमुनाबाईंनी तिला हाक मारली नाही. हाक मारायची तर त्या आवाजात हुकूम आला असता, दुसरा आवाज त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी कठडा घट्ट धरला, गुडघा सावकाश वाकवला आणि खळ घातलेल्या पांढऱ्या सुती साडीनिशी त्या ओल्या पायरीवर बसल्या.

निकिताने मागे वळून पाहिले. "आजी! अगं, पाणी आहे तिथे!"

"असू दे."

"ऊठ आधी. साडी भिजली सगळी."

"मला आता उठता येणार नाही लवकर," यमुनाबाई म्हणाल्या. "सांग. का मोडलंस?"

निकिताने सॅक खांद्यावरून उतरवून ती कठड्याला टेकवली आणि आजीच्या शेजारी, तशाच ओल्या पायरीवर बसली. बोलायला सुरुवात केली ती कुठूनतरी मधूनच. प्रज्ञेशच्या घरच्या एका जेवणापासून, मग मागे, मग पुन्हा पुढे. नावे गाळत, वाक्ये अर्धी टाकत. वर्गात असे बोलणाऱ्या मुलीला यमुनाबाई हात वर करून थांबवत आणि म्हणत, पहिल्यापासून, क्रमाने सांग.

वरून शेफाली उतरत आली, दोघींना पाहून जागीच थबकली, आणि आवाज न करता परत वर गेली. यमुनाबाईंचे तिकडे लक्ष गेले नाही. मान नातीकडे कलती करून त्या ऐकत होत्या. खालून चढत गेलेले पाणी आता साडीच्या गुडघ्यापर्यंत आले होते.