उलट्या बटणांचा ओव्हरकोट

मी एक ओव्हरकोट बोलतोय. काळा, जाडजूड, गुडघ्याच्या खाली येणारा. आणि माझा जन्म कुठला, तर अशा गावातला जिथे हिवाळा म्हणजे पंखा पाचवरून तीनवर आणायचा, बस्स! तिथल्या लोकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पोट धरून हसले. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

मला शिवलं टेलरमास्तरांनी. बाजाराच्या बोळात त्यांचं अरुंद दुकान होतं. पुढे शिलाई मशीन, मागे इस्त्रीचं टेबल आणि मधल्या दोरीवर लटकणारे ब्लाऊज, झगे, परकर. कारण मास्तर बायकांचेच कपडे शिवायचे. हात असा बसलेला की एकदा माप घेतलं की गिऱ्हाइकाला परत घालून बघावं लागत नसे. इस्त्री आणि हातशिलाई त्यांच्या बायकोकडे. तिला अख्खा बोळ वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

मास्तरांना एक धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा मास्तरांनीच त्याला लहानाचा मोठा केला, शिकवलं. सगळं त्या ब्लाऊजांच्या जिवावर. पुढे धाकट्याला लांबच्या एका देशात नोकरी लागली. बर्फ पडतो तसला देश. मास्तर आनंदाने वेडे झाले आणि लगेच काळजीत पडले. वहिनी म्हणाल्या, "बाजारातून एखादा चांगला कोट आणू या."

"माझा भाऊ तयार कपडे घालून जाणार? मग मी हे दुकान काय शोभेला मांडलंय?"

झालं! मास्तरांनी लोकरीचं कापड आणलं आणि रोजचं काम संपलं की ते माझ्यावर बसू लागले. जन्मात त्यांनी कोट शिवला नव्हता, बर्फ तर चित्रातच पाहिलेला. अंदाज येईना म्हणून त्यांनी मला आतून दोन अस्तरं लावली. मी पुरेसा गरम आहे का हे कसं कळावं? तर एका भर दुपारी त्यांनी पंखा बंद केला, मला अंगात घातलं आणि स्टुलावर बसून राहिले. पाचव्या मिनिटाला घामाची धार लागली. "जमलं!" असं म्हणून ते इतके खूश झाले की वहिनींनी कपाळावर हात मारला. तो दिवस आठवला की मला अजूनही भरून येतं.

पण एक घोटाळा झाला होता आणि तो दोघांच्याही लक्षात आला नव्हता. पुरुषांच्या कपड्याला बटणं उजव्या बाजूला असतात, बायकांच्या डाव्या. मास्तरांचा हात वीस वर्षं डाव्या बाजूला बटणं लावत आलेला. त्याने माझीही डावीकडेच लावली.

जायच्या आदल्या दिवशी धाकटा दुकानात आला. सोबत त्याचे चार मित्र. त्याने मोठ्या ऐटीत मला चढवलं आणि बटणं लावायला गेला. हात अडखळले. एक मित्र खाली वाकून बघत म्हणाला, "अरे, हा लेडीज कोट आहे! वहिनींचा घालून चाललास की काय?" मग काय, हशा पिकला. धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याने मला काढून मशीनवर भिरकावलं.

"जन्मभर बायकांचे ब्लाऊज शिवणाऱ्याला दुसरं येणार तरी काय!"

मास्तरांनी मला मशीनवरून उचललं आणि घडी घातली. दुसऱ्या दिवशी धाकटा मला न घेताच गेला. मास्तर त्याला सोडायलाही गेले नाहीत.

बटणं बदलायला मास्तरांना अर्धा तास पुरला असता. पण वहिनींनी विषय काढला की ते म्हणत, "बटणं मी बदलीन गं. तो बोलला ते कोण बदलणार?" त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलं. हुकूम असा सुटला, की ज्याच्यासाठी शिवलाय त्याने येऊन घालावा, नाहीतर कुणीच नाही.

तिकडे धाकटाही हट्टाला पेटलेला. पत्रं यायची ती वहिनींच्या नावाने. "दादा कसा आहे" हे शेवटच्या ओळीत. वहिनी ते पत्र मुद्दाम मोठ्याने वाचायच्या आणि मास्तर मुद्दाम मशीन जोरात चालवायचे.

आठ वर्षांनी गावात पहिल्यांदा थंडी आली. काल बरं होतं आणि आज सकाळी लोक उठले तर दातांवर दात! गावाला सवय नाही, घरात साधा स्वेटर नाही. पिशवीच्या फटीतून काय काय सोंगं पाहिली म्हणून सांगू! कुणी कानाला टॉवेल बांधलेला, कुणी एकावर एक तीन शर्ट चढवलेले. पोस्टमन हातात पायमोजे घालून पत्रं वाटत होता. आइस्क्रीमवाल्याने गाडीवर उकडलेली अंडी ठेवली. आमच्या मशीनचं तेल घट्ट झालं आणि चाक फिरेना. मास्तर चादर गुंडाळून बसलेले, बोटं आखडलेली, सुईत दोरा जाईना.

"अहो, त्या कोटाचं काय लोणचं घालणार आहात?" वहिनी कडाडल्या. "घाला ना अंगात!"

"तो माझा नाही."

मी पिशवीत चडफडत होतो. मी कोट आहे हो! थंडीत कामाला यायचं नाही तर कधी? चार दिवसांनी थंडी जशी आली तशी गेली आणि पंखा पुन्हा सुरू झाला.

मग वर्षांमागून वर्षं गेली. मला मशीनचा आवाज पाठ झाला. वहिनींची इस्त्री तापली की तिची ऊब पिशवीतून माझ्यापर्यंत यायची. वर्षातून एकदा मास्तर मला उन्हात घालायचे, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला खिशात ठेवायचे आणि कॉलर झटकताना म्हणायचे, "तिकडे आता बर्फ पडत असेल." मला वाटतं ते माझ्याशीच बोलत असत. दुसऱ्या कुणाशी बोलणार होते?

धाकटा गेल्याला सव्वीस वर्षं झाली आणि वहिनींचा धीर सुटला. त्यांनी फोन लावला आणि मास्तरांसमोरच बोलल्या, "भाऊजी, तुम्हा दोघांच्या हट्टापायी मी म्हातारी झाले. यांना आता नीट दिसत नाही. यायचं तर आत्ताच या. मागाहून येऊन रडू नका."

आणि धाकटा आला! पण आला कसा? अर्ध्या बाह्यांचे शर्ट घेऊन. स्वेटर, जाकीट, टोपी सगळं तिकडेच ठेवलं, कारण 'आपल्याकडे कसली आलीये थंडी!' नेमकी त्याच पहाटे गावात दुसऱ्यांदा कडाक्याची थंडी उतरलेली. बर्फात राहणारा माणूस आमच्या दुकानाच्या पायरीवर कुडकुडत उभा राहिला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, नाक लाल झालेलं.

मास्तरांनी मान वर केली. वहिनी इस्त्री हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. माझा जीव टांगणीला लागला. आता परत फिरला तर हा पुन्हा यायचा नाही, हे मलाही कळत होतं.

मग मास्तर उठले. गळ्यातली टेप काढली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हात वर कर."

धाकट्याने शाळेतल्या पोरासारखे हात वर केले. मास्तरांनी छातीचं माप घेतलं, पोटाचं घेतलं. टेप डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला.

"अरे, केवढा सुटलायस!"

"दादा..." धाकटा हात वर ठेवूनच म्हणाला, "मी तेव्हा फार वाईट बोललो रे."

"हलू नकोस. माप चुकतं," मास्तर म्हणाले. आणि घेतलेलंच माप त्यांनी पुन्हा घेतलं. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि त्याच वेळी दोघांना शिव्याही घालत होत्या.

मला खाली काढलं. धाकट्याच्या अंगात मी खांद्यात बरोबर बसलो, पण पोटावर वीतभर उघडा राहिलो. आता बटणं कुठल्याही बाजूला असती तरी लागणार नव्हती! आधी वहिनी हसल्या, मग धाकटा, मग मास्तर. मास्तरांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी माझ्या शिवणी उसवल्या आणि दोन्ही बाजूंना नव्या पट्ट्या घातल्या. धाकटा शेजारच्या स्टुलावर बसून त्यांना सुईत दोरा ओवून देत होता.

"बटणंही बदलून टाकतो," मास्तर म्हणाले.

"हात लावू नकोस दादा. आहेत तशीच राहू दे."

निघताना मास्तरांनी माझी कॉलर नीट केली आणि एवढंच विचारलं, "तिथल्या थंडीला पुरेल ना रे?"

आता मी इथे आहे, धाकट्याच्या दारामागच्या खुंटीवर. खिडकीबाहेर पांढराशुभ्र बर्फ. ज्या गावात माझा काही उपयोग नव्हता त्या गावाची मला रोज आठवण येते. बोळातला गलका, इस्त्रीचा वास, भर दुपारी घामाने भिजलेले मास्तर. धाकटा रोज मलाच घालून कामावर जातो. उलटी बटणं लावता लावता त्याला उशीर होतो.

आणि खरं सांगू? मी इथे पुरत नाही. मास्तरांनी जीव ओतला, पण ही थंडी त्यांनी पाहिलीच नव्हती. धाकटा माझ्या आत दोन स्वेटर घालतो, वरून मफलर गुंडाळतो, तरी बस येईपर्यंत तो काकडतो. रविवारी मास्तरांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "कोट कसा आहे?"

"काय सांगू दादा," धाकटा हातांवर फुंकर मारत म्हणतो, "घाम फुटतो रे या कोटात!"

पलीकडे मास्तर खुशीत हसतात आणि वहिनींना ओरडून सांगतात, "ऐकलंस? घाम फुटतो म्हणे!"

तेव्हा मंडळी, एवढी एक विनंती ऐका. तुमच्यापैकी कुणी कधी त्या बोळात गेलात, तर मास्तरांकडे हवं ते शिवून घ्या, गप्पा मारा, चहा प्या. पण त्यांनी माझ्याबद्दल विचारलं तर यातलं एक अक्षर सांगू नका. घाम फुटतो, एवढंच सांगा.