आपोआप

फ्रिज गुरगुरला आणि दुपारची शांतता मोडली. वीज आली. धनश्रीने पोळपाट बाजूला सारला आणि आधी फोनकडे पाहिलं.

आमलीतल्या या दोन खोल्यांपासून धाग्याचा कारखाना हाकेच्या अंतरावर. वीज जायची ती दोन्हीकडची. गेल्या दिवाळीपर्यंत ती परत आली रे आली की गोदामातून कल्पेशचा फोन ठरलेला, "धनश्रीबेन, लेबल बंद छे." कारखान्याचे कॉम्प्युटर तेव्हा तीच सांभाळायची. सर्व्हर उठायचा, पण खोक्यांवरची लेबलं छापणारी सर्व्हिस तिचा हात लागल्याशिवाय उठत नसे. तिनेच तशी ठेवली होती. मालाच्या नोंदींचा डेटाबेस जागा व्हायच्या आत ती उठली तर कोरी लेबलं ओकत बसायची. मग लेकीला, कावेरीला कडेवर घेऊन धनश्री घरूनच ती चालू करायची.

पुढे लेकीसाठीच नोकरी सोडली. तिच्या जागी तेजस्विनी आली, धनश्रीनेच हाताला धरून शिकवलेली. तिने सगळं आपोआपवर टाकलंय, हे काल जेवताना तुषारने सांगितलं. तो धनश्रीचा नवरा, त्याच कारखान्यातून माल रवाना करतो. तेजस्विनीची हुशारी त्याने भाजीसारखी दोनदा वाढून घेतली.

घाई नडेल तिला, एवढंच धनश्री म्हणाली होती. आज ती नडायला हवी होती.

फोन गप्पच. शेवटी तिनेच तुषारला लावला. डबा खाल्ला का विचारलं, मग सहज विचारल्यासारखं, लेबलं निघतायत का.

"मस्त निघतायत. तिने लेबलला थांबायला लावलंय. डेटाबेस उठला की मगच ते उठतं. तुला नव्हतं का गं सुचलं?"

धनश्रीने लॅपटॉप उघडला. कारखान्याच्या सर्व्हरचा जुना पासवर्ड चालला. ताई, अडलं तर तुम्हीच आहात, असं म्हणत तेजस्विनीनेच तो राहू दिला होता. तो गोडवाच आता जास्त झोंबला. लेबलच्या सर्व्हिससमोर 'ऑटोमॅटिक' होतं. तिने ते 'मॅन्युअल' केलं. ओके तेवढं दाबायचं राहिलं. पुढच्या वेळी वीज गेली की कल्पेशला धनश्रीबेनच आठवतील.

मागे चपला फटफटल्या. कावेरी. आईने पापण्यांवर फुंकर घातल्याशिवाय ही झोपेतून कधी उठायची नाही, जागी असली तरी डोळे घट्ट मिटून पडायची. आज उलट्या चपला घालून एकटीच दारात उभी.

"आई, मी आपोआप उठले."

मग आईचं तोंड बघून तिचा आवाज बारीक झाला.

"तुला राग आला?"