काळी चार

हिरव्या शालूची घडी दस्तगीरनं तिसऱ्यांदा मोडली आणि पुन्हा घातली. जरीला कसर लागली नव्हती. मग भर दुपारी अत्तराचं दुकान बंद करून, गाठोडं काखेत मारून तो जिंतूरच्या सरकीच्या गोदामाकडे निघाला.

गोदामात तालीम चालू होती. निजामाचं राज्य बुडवणाऱ्या पोलीस ॲक्शनआधी सात हंगाम गाजलेलं संगीत नाटक कंपनीचे मालक बसवंतराव पाच वर्षांनी पुन्हा उभं करत होते. गुरवाच्या लेकीवर मोगल सुभेदाराचा जीव जडतो आणि दोन्ही घरं आडवी येतात, अशी ती कथा. सुभेदार व्हायचा उमाजी धनगर, आणि गुरवाची लेक व्हायचा दस्तगीर. उमाजीच्या तोंडी उर्दू बसवता बसवता आपली निम्मी उमर गेली, असं दस्तगीर तेव्हा सांगत सुटायचा. या वेळी लेकीचं काम परभणीच्या भुजंगला दिलं होतं. दस्तगीरला निरोप आला तो फक्त त्याच्याकडे राहिलेला शालू पाठवण्याचा.

निरोप्याच्या हाती तो देता आला असता. पण पुरुषाच्या अंगावर नऊवारी चापूनचोपून नेसवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. निदान नेसवायला तरी थांब म्हणतील, एवढीच त्याची आशा होती. ती वेडी आहे, हेही त्याला कळत होतं.

तो दारात पोचला तेव्हा दाराकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भुजंग पहिल्या पदाला उभा राहिला. पेटीवरच्या लिंगराजनं मान खाली घालून सूर धरला. काळी चार. दारातल्या दस्तगीरनं नकळत छातीभर श्वास घेतला.

भुजंगनं तोंड उघडलं, मिटलं आणि तो लिंगराजकडे वळला.

"अप्पा, पट्टी लय वर लागली. मी काळी एकला गातो."

लिंगराजचं बोट तिथंच राहिलं.

"चुकलं माझं. दस्तगीरची पट्टी लागली. बोट अजून तिथंच जायलंय."

उमाजी तलवारीचं म्यान चाचपत राहिला.

"ठावं हाय समद्याला," बसवंतराव हळूच म्हणाले. "फुडं चला."

लोक विसरतात, त्यात कुणाचा दोष नसतो, असं दस्तगीर पाच वर्षं स्वतःला समजावत आला होता. त्या समजुतीवर त्यानं दिवस काढले होते.

आत काळी एकवर पद सुरू झालं. त्यानं गाठोडं उंबऱ्याच्या आत अलगद ठेवलं आणि तो उन्हात उतरला. विसरलं कुणीच नव्हतं.