अडकण्याचा कार्यक्रम

बेटावर पाहण्यासारखं काही नाही, हे बेटावरच्या लोकांना पूर्वीपासून माहीत होतं. पाहुण्यांनाही ते कळायला लागलं, तेव्हा समितीची बैठक बोलवावी लागली.

बेट आणि किनारा यांच्यामध्ये एक दगडी रस्ता आहे. ओहोटीला तो वर येतो, भरतीला पाण्याखाली जातो. रस्ता वर असला की पाहुणे यायचे, बेटाला एक चक्कर मारायचे, चहा प्यायचे, "शांत आहे हं" म्हणायचे आणि पाणी चढायच्या आत निघून जायचे. शांततेला तिकीट कसं लावायचं, हा समितीपुढचा प्रश्न होता.

त्यातून उपक्रम निघाले. चिखलात चालणे. शंख ओळखणे. पक्षी पाहणे, हा उपक्रम सुरू झाला आणि पक्षी पलीकडच्या खाजणात राहायला गेले, पण पाटी अजून आहे. सगळ्यांत चालला तो ‘भरतीत अडका’.

रस्त्याच्या मधोमध उंच खांबांवर एक लाकडी खोली आहे. ज्याचा पाण्याचा अंदाज चुकला त्यानं जिना चढून तिथं बसावं आणि पाणी उतरेपर्यंत स्वतःला शिव्या घालाव्यात, एवढ्यासाठी ती कुणीतरी पूर्वी बांधली. वर्षानुवर्षं तिथं पोस्टमनशिवाय कुणी बसलं नाही, आणि तोही मुद्दाम अडकतो असा लोकांना संशय होता. अध्यक्षांनी, म्हणजे बेटावरच्या एकमेव लॉजच्या मालकांनी, खोलीला रंग दिला, गाद्या टाकल्या, आणि तिथं मोबाइलला रेंज येत नाही ही गोष्ट सोयींमध्ये धरली.

कार्यक्रम असा असायचा. पाहुण्यांची जीप बरोबर खोलीच्या जिन्यासमोर बंद पडायची. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत बघत राहायचा. मग गाइड खाली उतरायचा, पाण्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "अरे बापरे. आता काय करायचं?" पाहुणे किंचाळायचे. सगळं ठरलेलं आहे हे त्यांना ठाऊक असायचं, पावतीवर तसं छापलेलंच होतं. तरी घाबरायचे ते घाबरायचेच. त्यासाठीच तर आले होते.

गाइडनं हे वाक्य इतके हंगाम म्हटलं की ते त्याच्या तोंडात घर करून राहिलं. मागच्या वर्षी त्याची आई गेली. डॉक्टरांनी मान हलवली आणि गाइड म्हणाला, "अरे बापरे. आता काय करायचं?" तोच सूर, मध्ये तेवढाच थांबा. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं जिनं केलं होतं त्या त्याच्या बायकोनं वळून पाहिलं. तिला वाटलं, हा आता गाद्या कुठं ठेवल्यात ते सांगणार. रडू येईल म्हणून त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. आलं नाही. पुढच्या ओहोटीला तो कामावर गेला.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. भांडायला दोन माणसं लागतात आणि इथं मी एकटीच राहते, असं बायको शेजारणीला म्हणाली होती. तिनं किनाऱ्यावरच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायची नोकरी मिळवली. राहायला खोली होती, एका माणसापुरती. ठरलेल्या दिवशी दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर पुढच्या बाईंना बोलावू, असं तिथल्या मॅडमनी बजावलं होतं. हे सगळं तिनं नवऱ्याला जेवताना सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि मीठ मागितलं.

त्या दिवशी सकाळची जीप सरळ किनाऱ्यावर जायची होती. पहाटे अध्यक्षांनी गाइडला बोलावून सांगितलं की लॉजवरच्या चौघांचा विचार बदलला आहे, त्यांना आज अडकायचंच आहे. एक निवृत्त साहेब, त्यांची पत्नी आणि एक नवं जोडपं. गाइड जीपपाशी आला तेव्हा त्याची बायको पुढच्या सीटवर बसलेली होती, मांडीवर बॅग, बॅगेवर डबा.

तिला सांगायला हवं होतं. ते सेकंड सांगेल असं गाइडला वाटलं. सेकंड म्हणजे ड्रायव्हर, गाइडचा चुलतभाऊ. ओल्या दगडांवर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर न्यायची नसते, आणि सेकंड कोरड्यावरही तसाच जगत असल्यामुळे हे नाव पडलं होतं. वहिनी शेजारीच बसणार, तेव्हा तोच सांगेल, असा गाइडचा हिशोब होता. सेकंडचा हिशोब असा की नवराबायकोतली गोष्ट आहे, दादा घरीच बोलला असेल. अध्यक्षांना तर ती जीपमध्ये दिसलीच नाही. ते पाहुणे मोजत होते.

जिन्यासमोर जीप बंद पडली. सेकंडनं बॉनेट उघडलं. मागं नव्या जोडप्यातली मुलगी रीतीप्रमाणे किंचाळली आणि तिच्या नवऱ्यानं ते मोबाइलमध्ये घेतलं.

"भाऊजी," गाइडची बायको म्हणाली, "आज सरळ गाडी होती ना?"

सेकंडनं इंजिनकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग गाइडकडे. "दादा, तू वहिनीला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तू सांगशील."

"मी कशाला सांगू? घर तुझं."

पाणी अजून रस्त्याच्या दोन्ही कडांना होतं, मधले दगड कोरडे होते. बायकोनं पाहुण्यांकडे वळून, शाळेत अर्ज वाचून दाखवावा तशा आवाजात, तिला कुठं आणि किती वाजेपर्यंत पोचायचं आहे ते सांगितलं. साहेबांच्या पत्नीला पटलं. साहेबांनाही पटलं, फक्त त्यांचा मुद्दा असा होता की ह्यांना सोडायला गेलो तर आमचं अडकणं कधी होणार, कारण संध्याकाळी आम्हाला निघायचं आहे. ह्यावर नव्या नवरीनं तोडगा काढला. आम्ही चौघं वर जाऊन बसतो, गाइडसाहेब आमच्याबरोबर थांबतील, ड्रायव्हर ह्यांना सोडून तिकडंच थांबेल, पाणी उतरलं की आम्हाला न्यायला येईल. म्हणजे आम्ही खरेखुरे अडकू, गाडीशिवाय. तिला स्वतःलाच ते इतकं आवडलं की ती तोवर दोन पायऱ्या चढलीसुद्धा.

तोडग्यात काही खोट नव्हती. साहेबांनाही सापडली नाही.

"जमतंय दादा," सेकंड म्हणाला. त्यानं बॉनेट खाली घेतलं. "आत्ता निघालो तर आरामात पोचतो. तू जा म्हण, निघतो."

सेकंड आयुष्यात स्वतःहून कधी निघाला नव्हता. पाण्याचा शब्द गाइडचा, चाक सेकंडचं, ही त्यांची पहिल्यापासूनची वाटणी होती. सगळे गाइडकडे बघू लागले. गाइड पाण्याकडे बघत होता.

"सांगा ना त्याला," बायको म्हणाली.

गाइड पाण्याकडे बघतच राहिला. सगळ्यांना वाटलं तो अंदाज घेतोय. पाण्यातलं कळणाऱ्या माणसाला अशा वेळी मध्येच बोलू नये, म्हणून कुणी बोललं नाही. साहेबांनी तर पत्नीला हातानं गप्प बसवलं. प्रत्यक्षात गाइड कसलाही अंदाज घेत नव्हता. पाणी किती चढलंय हे त्याला न बघताही कळत होतं. एक शब्द म्हणायचा होता, तो जिभेवर होता, आणि तो तिथंच बसून राहिला. त्याला काही वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. समोर पाणी दगडांच्या फटींतून आत येत होतं, एका फटीतून दुसऱ्या फटीत, घाई न करता.

मग पुढच्या उतारावरचे दगड झाकले गेले.

"गेलं," सेकंड म्हणाला. त्यानं जीप खोलीशेजारच्या उंच ओट्यावर चढवली. बायको बॅग घेऊन जिना चढली. कुणी मदत करायला गेलं असतं तर तिनं घेतली नसती, आणि कुणी गेलंही नाही.

वर थर्मासमधला चहा झाला, बिस्किटं झाली, पांघरुणं वाटली गेली. गाइडनं नेहमीची गोष्ट सांगितली. जुन्या काळी एक नवरामुलगा ह्याच भरतीत वाहून गेला आणि नवरी आयुष्यभर काठावर दिवा घेऊन उभी राहिली, अशी ती गोष्ट. ती अध्यक्षांनी लॉजचं छप्पर शाकारताना रचली होती. बायको ती पहिल्यांदाच ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं की त्या नवरीला दुसरं काही काम नव्हतं का. नवं जोडपं हसलं. साहेब पत्नीच्या कानाशी म्हणाले की ही बाई समितीचीच दिसते, फार सहज करते आहे. पत्नी म्हणाली, "अहो, ती खरी आहे." साहेब म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी."

बारा वाजून गेले. ते साहेबांच्या घड्याळात वाजले, टुक असा आवाज होऊन. बायकोनं डबा उघडला, निम्मं साहेबांच्या पत्नीला दिलं, उरलेलं भिंतीकडे बघत खाल्लं. नंतर डबा पुसून बंद केला आणि नवऱ्याकडे वळली.

"नुसतं जा म्हणाला असतात तरी झालं असतं."

"हो."

"पाणी आडवं आलं असं सांगू नका मला."

"नाही आलं."

"मग का नाही म्हणालात?"

"माहीत नाही."

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. साहेबांच्या पत्नीनं चहाचा कप आवाज न करता खाली ठेवला. नव्या जोडप्यातल्या पोरानं मोबाइल वर उचलला होता, त्याच्या नवरीनं तो हातानं खाली दाबला. उरलेल्या वेळात सगळ्यांनी समुद्र पाहिला. समुद्रात काही नव्हतं.

दुपार कलली तसं पाणी उतरलं. कार्यक्रमाप्रमाणे जीप बेटाकडे वळायची होती, तिथं अध्यक्ष सुटका झाल्याबद्दल सगळ्यांना सरबत देत. बायको जिना उतरली आणि किनाऱ्याच्या दिशेनं चालू लागली. गाइड मागून गेला आणि तिच्या हातातली बॅग घेतली. तिनं घेऊ दिली, बॅग जड होती.

"दादा, अभिप्राय कोण घेणार?" सेकंडनं मागून हाक मारली.

"तूच घे," गाइड म्हणाला. सेकंडनं आजवर कुणाचा अभिप्राय घेतला नव्हता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

दगड निसरडे होते. एका ठिकाणी तिचा पाय घसरला, त्यानं हात पुढं केला, तोवर ती सावरली होती. किनाऱ्यावरून वसतिगृह फार लांब नव्हतं. फाटकावरच्या वॉचमननं तिला ऑफिस दाखवलं, गाइडकडे बघितलं, बॅग बघितली, आणि सामान ठेवायला आलाय असं समजून सोडलं.

मॅडम कपाटाला कुलूप लावत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं की बारा म्हणजे बारा, दुसऱ्या बाईंना फोन झाला आहे, त्या उद्या सकाळी येताहेत. बायकोनं पाणी चढल्याचं सांगायला सुरुवात केली. मॅडमनी तिला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाल्या की पाणी तर रोजच चढतं, आणि कधी चढतं ते तुम्हा बेटावरच्या लोकांइतकं कुणाला माहीत असतं. बायको ओल्या चपलांकडे बघत उभी राहिली. ती विनवण्या करणार नव्हती. सासूबाईंच्या आजारपणात तिच्या विनवण्या करून झाल्या होत्या.

"उशीर माझ्यामुळे झाला," गाइड दारातून म्हणाला.

मॅडमनी चष्मा वर केला. "तुम्ही कोण?"

"नवरा. हिची गाडी वेळेत निघत होती. मी जा म्हटलं नाही."

"का?"

गाइड थांबला. एरवी अशा थांब्यानंतर एक वाक्य आपोआप यायचं, आणि पुढचं सोपं व्हायचं. ह्या वेळी काही आलं नाही. जे होतं तेच काढून द्यावं लागलं.

"हिनं जाऊ नये असं वाटत होतं," तो म्हणाला. "ही गेली की घरात कुणी उरत नाही. मी असतो. पण मी म्हणजे..." त्यानं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आई गेली तेव्हापासून मी घरी आलेलोच नाही."

बायको भिंतीवरचं जेवणाच्या वेळांचं पत्रक वाचत होती. ती ते बराच वेळ वाचत होती, आणि पत्रक काही मोठं नव्हतं.

उशिराची कारणं मॅडमनी पुष्कळ ऐकली होती. पोराचा ताप, चुकलेली बस, वारलेले आणि पुन्हा वारलेले सासरे. पण कारण स्वतः बॅग घेऊन ऑफिसात हजर झालं, असं पहिल्यांदाच होत होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"उद्या पहाटे स्वयंपाकघरात उभ्या राहा," त्या बायकोला म्हणाल्या. "दुसऱ्या बाईंना मी कळवते. पुन्हा उशीर झाला तर ऐकणार नाही. आणि हे," त्यांनी हातातली चावी गाइडकडे रोखली, "फाटकाच्या आत पुन्हा दिसता कामा नयेत. मुलींचं वसतिगृह आहे."

फाटकापाशी बायकोनं बॅग परत घेतली.

"हे घरी बोलायचं होतं," ती म्हणाली. "मी तिथंच होते. वर्षभर."

"हो."

"आता मला इथं राहायचंय."

"हो."

ती गेली. व्हरांड्याच्या टोकाला एका दारात दिवा लागला. तिचंच दार की दुसऱ्या कुणाचं, हे फाटकाबाहेरून कळत नव्हतं. गाइड बघत उभा राहिला. वॉचमननं कडी लावली, त्याला उभं राहू दिलं, आणि मग कंटाळून विचारलं की परत कधी येणार.

बेटावरच्या माणसाला हे विचारलं की तो पाणी बघून सांगतो म्हणतो.

"रविवारी," गाइड म्हणाला.

"आत सोडणार नाही. मॅडमनी सांगितलंय."

"बाहेर उभा राहीन."

वॉचमननं विचार केला. "मग त्या भिंतीकडे उभे राहा," तो म्हणाला. "इथं भाजीचा टेम्पो वळतो."